वाचकांचे प्रश्न : जुन्या गोव्यातली मोंती सांतो टेकडी

बों जेझुसची बासिलिका आणि से कॅथेड्रल पाहिले की बहुतेकांचे जुने गोवे पाहून होते. पश्चिमेकडे चढणाऱ्या रस्त्याला फार थोडी पावले लागतात. या वेळी आलेल्या पत्रांत मात्र बरेच प्रश्न त्या चढावरचेच निघाले, म्हणून हा अंक मोंती सांतोला, म्हणजे 'पवित्र टेकडी'ला दिला आहे.

प्रश्न : पणजीहून मडगावकडे जाताना 'गोवा वेल्हा' अशी पाटी पाहून आम्ही बसमधून उतरलो. तिथे सेंट ऑगस्टिनचा मनोरा कोणालाच माहीत नव्हता. हे जुने गोवे नव्हे काय? (पेडणे)

नव्हे. दोन्ही नावांचा अर्थ एकच, जागा वेगळ्या. तुम्ही उतरलात ते गोवा वेल्हा जुवारीच्या बाजूला आहे. कदंब राजांच्या काळचे बंदर गोपकपट्टण त्या परिसरात होते. तुम्हाला हवे असलेले जुने गोवे मांडवीच्या काठावर, पणजीच्या पूर्वेला साधारण १० किलोमीटरवर आहे. त्याचे मूळ नाव एला. पणजीच्या कदंब स्थानकावरून बस धरताना कंडक्टरला 'ओल्ड गोवा, गांधी सर्कल' असे सांगा, म्हणजे घोटाळा होणार नाही. रेल्वेने येणार असाल तर करमळी स्टेशन जवळचे.

प्रश्न : अल्बुकर्कने या टेकडीवर उभे राहून लढाई पाहिली असे गाईड सांगतात. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या टेकडीवरही तेच सांगतात. खरे कुठले? (म्हापसा)

टेकड्या दोन आणि १५१० मधले प्रसंगही दोन, म्हणून ही गल्लत होते. वर्षाच्या सुरुवातीला पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कने तिमय्या या स्थानिक आरमारी सरदाराच्या मदतीने शहर घेतले. मे महिन्यात विजापूरच्या आदिलशाही फौजेने ते परत जिंकले. पोर्तुगीज जहाजांवर हटले आणि पुढचा पावसाळा त्यांनी मांडवीच्या मुखाशी उपासमारीत काढला. पूर्वेकडची टेकडी, जिच्यावर नोस्सा सेन्योरा दो मोंतचे कपेल, म्हणजे छोटे प्रार्थनामंदिर, आहे, ती या मे महिन्याच्या लढाईशी जोडलेली आहे. आदिलशाही तोफा तिथे मांडल्या होत्या.

दुसरा प्रसंग २५ नोव्हेंबर १५१० चा, सेंट कॅथरिनच्या सणाचा दिवस. त्या दिवशी शहर कायमचे पोर्तुगिजांकडे गेले. ही लढाई अल्बुकर्कने पश्चिमेकडच्या मोंती सांतोवरून पाहिली आणि जिंकलो तर इथे देऊळ बांधीन असा नवस केला, अशी परंपरा आहे. रोझरी मातेची इगर्ज, म्हणजे चर्च, त्याच जागी उभी आहे. ती बांधली गेली १५४४ ते १५४९ मध्ये. अल्बुकर्क १५१५ मध्येच वारला होता, तेव्हा नवस त्याचा असला तरी आजची इमारत त्याच्या डोळ्यांना दिसली नाही.

या इगर्जेपुढे थोडे थांबा. गोव्यातल्या आज उभ्या असलेल्या सर्वात जुन्या इगर्जांपैकी ही एक. कोपऱ्यांवरचे गोल बुरूज, उंचावरच्या लहान खिडक्या आणि जाड भिंती पाहिल्या की ही प्रार्थनेची जागा की गढी, असा प्रश्न पडतो. बाहेरच्या बाजूला जहाजाच्या दोरखंडाला पीळ द्यावा तशी नक्षी फिरलेली आहे. राजा मानुएलच्या काळातल्या पोर्तुगीज बांधकामाची ही खूण. आत गव्हर्नर गार्सिया द सा याची पत्नी कातारिना आ पिरो हिचे स्मारक आहे. त्यावरचे बारीक कोरीवकाम मात्र गुजरातेतल्या कारागिरीच्या वळणाचे. लिस्बनचा दोरखंड बाहेर आणि खंबायतच्या हाताची वेलबुट्टी आत, हे एकाच इमारतीत बघायला मिळते. तेवढ्यासाठीसुद्धा हा चढ चढावा असे आमचे मत आहे.

प्रश्न : पोर्तुगिजांपूर्वी इथे काय होते? आमच्या मुलांना शाळेत फक्त इगर्जा सांगतात. (डिचोली)

शहर होते, आणि चांगले गजबजलेले होते. विजयनगरचा मंत्री माधव याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस बहामनींकडून गोवे घेतले. एला परिसरातली ब्रह्मपुरी ही वसाहत त्याच्याच नावाशी जोडली जाते. तिथले गोमंतेश्वराचे देऊळ आजही पाहता येते. समोरच्या दिवाडी बेटावर कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर होते. सोळाव्या शतकात ते देऊळ पाडले गेले. लिंग नदीपलीकडे तुमच्याच डिचोली तालुक्यात नार्वे येथे नेले, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. आदिलशाही काळात हे शहर विजापूरकरांचे दुसरे मोठे ठाणे होते. त्यांच्या वाड्याचा काळ्या दगडाचा दरवाजा सेंट कायेतानच्या आवारापाशी उभा आहे. मुलांना आधी तो दाखवा, मग दिवाडीची फेरी, मग नार्वे. एका दिवसात होते.

प्रश्न : सेंट ऑगस्टिनचा मनोरा वीज पडून कोसळला असे घरचे म्हणतात. कोणी शाप सांगतात. नेमके काय झाले? (फोंडा)

वीजही नाही, शापही नाही. छपराकडे बघणारा माणूस नाहीसा झाला.

ऑगस्टिनियन पाद्री गोव्यात आले १५७२ मध्ये. टेकडीच्या माथ्यावर त्यांनी मठ उभारला आणि त्याला लागून 'कृपेच्या माते'ची इगर्ज. हिचे काम १५९७ मध्ये सुरू झाले आणि १६०२ मध्ये पुरे झाले. आत दोन्ही बाजूंना मिळून आठ कपेले होती आणि वर प्रचंड रुंदीचे दगडी कमानी छत होते. दर्शनी भागाच्या दोन्ही टोकांना मनोरे होते. आज उभा दिसतो तो त्यांपैकी एकाचा अर्धा भाग, सुमारे ४६ मीटर उंचीचा. बांधकाम सगळे जांभ्याचे.

१८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले धार्मिक संघ बरखास्त केले. पाद्री गेले, मठ रिकामा पडला. ८ सप्टेंबर १८४२ रोजी छताची कमान कोसळली. मध्ये किती पावसाळे गेले ते मोजा : सात पुरे, आठवा संपत आलेला.

हे असे का होते ते बांधकामातल्या माणसाला लगेच कळेल. दगडी कमान आपले वजन सरळ खाली टाकत नाही, ती दोन्ही बाजूंच्या भिंतींना सतत बाहेर रेटते. भिंत जड आणि एकसंध आहे तोवर हा रेटा झेलला जातो. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जांभा सच्छिद्र असतो. वरचा गिलावा एका जागी फुटला की पाणी सांध्यात शिरते, चुना हळूहळू धुपतो, त्या फटीत पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते. मूळ बारीक असताना फटीत जाते आणि जाड होताना चिरे बाजूला सारते. मठात माणसे असताना दरवर्षी पावसाआधी कोणीतरी वर चढून ही रोपे काढत असे, फटी बुजवत असे. ते थांबले. भिंत जराशी बाहेर झुकली की कमानीचा मधला भाग खाली बसतो, आणि पाऊस सरता सरता सगळे दगड पाणी पिऊन सर्वात जड झालेले असतात. सप्टेंबरमध्ये पडणे हे म्हणूनच समजण्यासारखे आहे.

कमान गेल्यावर दर्शनी भिंतीला मागून धरणारे काही उरले नाही. एवढ्या उंचीची भिंत एकटी उभी. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला, १९३८ मध्ये आणखी काही भाग. उरलेल्या मनोऱ्याचा आतला कापलेला पदर नीट बघा : मजल्यामागून मजला, कमानीचे तुटलेले टोक, चिऱ्यांचे थर उघडे. इमारतीचा उभा छेद कागदावर काढतात तसाच तो दिसतो. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी स्केचबुक घेऊन इथे तासभर बसावे.

या मनोऱ्याची घंटा मात्र वाचली. काही वर्षे ती आग्वादच्या दीपगृहात होती. १८७१ मध्ये पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन इगर्जेत चढवली. पायऱ्यांवर उभे राहून वर पाहिलेत तर मधोमध दिसते ती हीच.

प्रश्न : वरच्यासारखेच दुखणे आमच्या घराला आहे. चिऱ्यांची शंभरेक वर्षांची भिंत, तिला सिमेंटचा गिलावा केला, तर तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटले. काय चुकले? (सांगे)

सिमेंट चुकले. जांभा पाणी पितो आणि सोडतो. चुन्याचा गिलावा त्या ओलीला बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती आत कोंडते. कोंडलेल्या पाण्याबरोबर क्षार येतात, गिलाव्यामागे त्यांचे खडे होतात, लोणा लागतो आणि पापुद्रा चिऱ्याची साल घेऊनच सुटतो.

सिमेंट हलक्या हाताने, छिन्नी आडवी धरून काढा. एकही पावसाळा भिंतीला उघडे पडू देऊ नका. काम दिवाळीनंतर सुरू करून मार्चअखेर संपवणे चांगले. चुन्याची कळी पाण्यात विरवून गाळा आणि तो लगदा निदान तीन महिने पाण्याखाली मुरू द्या. घाईत वापरला तर न विरलेले कण भिंतीवर नंतर फुटतात आणि फोड येतात. मिश्रण एक भाग चुना, तीन भाग रेती. खाडीची रेती असेल तर गोड्या पाण्यात धुऊनच वापरा, नाहीतर लोणा तुम्हीच भिंतीत घातलात. भिंत आधी ओली करा, थर १० ते १२ मिलिमीटरच्या वर नको. दोन थरांत आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि तोवर गोणपाट ओले करून लावा. गिलावा हाताला भुरभुर लागला तर तो उन्हात भराभर वाळला असे समजा. जाळीसारख्या भेगा पडल्या तर थर जाड झाला किंवा चुना जास्त पडला.

पिंपळाचे रोप कधीही ओढून काढू नका. ओढले की दोन चिरे हलतात आणि अर्धे मूळ आत राहते. बुंधा भिंतीलगत कापा, ताज्या कापावर तणनाशक ब्रशने लावा, मूळ पुरते सुकू द्या आणि मगच फट चुन्याने भरा. परत फुटले तर परत हेच. दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घराभोवती एक फेरी मारण्याची सवय ठेवलीत तर रोप बोटाएवढे असतानाच सापडते.

प्रश्न : जॉर्जियाच्या राणीची हाडे इथे सापडली, हे डीएनएवरून कसे ठरवले? (मडगाव)

डीएनए हा शेवटचा पुरावा, पहिला नव्हे. आधी कागद होते, मग खोदकाम, आणि शेवटी प्रयोगशाळा.

केतेवान ही पूर्व जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी. इराणचा शाह अब्बास पहिला याने तिला शिराझला कैदेत ठेवले. धर्म सोडायला ती तयार झाली नाही, तेव्हा सप्टेंबर १६२४ मध्ये तिचा छळ करून तिला मारले. शिराझमध्ये तेव्हा ऑगस्टिनियन पाद्री होते. त्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि १६२७ मध्ये त्यांतला काही भाग गोव्याच्या मठात आणला. पोर्तुगीज कागदांत जागाही लिहिलेली आहे : मठाच्या सभागृहाच्या कपेलात, 'एपिसल'च्या बाजूच्या दुसऱ्या खिडकीत, काळ्या दगडाच्या पेटीत. वेदीकडे तोंड करून उभे राहिल्यावर उजवा हात ती एपिसलची बाजू. एवढा स्पष्ट पत्ता असूनही शोध लांबला, कारण १८४२ नंतर कपेले ढिगाऱ्याखाली गेली होती. कुठली खोली सभागृहाची आणि कुठली खिडकी दुसरी, हे आधी जमिनीवर मांडावे लागले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ढिगारा उपसून पाया, वेद्या आणि थडगी मोकळी केली, आणि पुढे त्या परिसरात हाताचे एक लांब हाड मिळाले.

हैदराबादच्या पेशी व रेणूजीवशास्त्र केंद्रात, म्हणजे सीसीएमबीत, त्या हाडाचा मायटोकाँड्रियल डीएनए तपासला. हा डीएनए आईकडूनच मुलांकडे जातो आणि पेशीत त्याच्या प्रती खूप असतात, म्हणून चारशे वर्षे दमट जमिनीत राहिलेल्या हाडातही तो मिळण्याची शक्यता जास्त. त्यात यू-वन-बी हा मातृवंश निघाला. भारतातल्या २२,००० हून अधिक नमुन्यांत तो आढळला नव्हता. जॉर्जियातल्या ३० नमुन्यांपैकी २ मध्ये आढळला. जवळच मिळालेली दुसरी हाडे मात्र दक्षिण आशियाई वंशाची निघाली. निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर झाले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मातृवंश जुळला म्हणजे माणूस ओळखला असे नाही, कारण तो वंश हजारो जणींत असतो. पण कागदाने सांगितलेल्या ठिकाणी, भारतात न दिसणाऱ्या आणि जॉर्जियात दिसणाऱ्या वंशाचे हाड सापडते, तेव्हा तीन वेगळ्या वाटा एकाच जागी येऊन मिळतात. या शोधाचे बळ त्यात आहे. २०१७ मध्ये अवशेष जॉर्जियात दर्शनासाठी पाठवले आणि १० जुलै २०२१ रोजी त्यांतला एक भाग भारताने तिबिलिसीत जॉर्जियाला कायमचा दिला. जॉर्जियाच्या चर्चमध्ये केतेवान संत मानली जाते.

प्रश्न : समोरच्या सांता मोनिका मठात आत जाता येते का? (काणकोण)

संग्रहालयात येते, मठात नाही. आर्चबिशप आलेशो द मेनेझिसने १६०६ मध्ये जोगिणींसाठी, म्हणजे नन्ससाठी, हा मठ सुरू केला. बांधकाम १६२७ मध्ये पुरे झाले, १६३६ मध्ये आग लागली आणि लगेच पुन्हा उभारणी झाली. १८३५ नंतर नवी जोगीण घेण्याची परवानगी नव्हती, तरी आत असलेल्यांना राहू दिले. शेवटची १८८५ मध्ये वारली. समोरच्या पडक्या मठाशी तुलना करा : तोच जांभा, तोच पाऊस, तीच टेकडी. इथे आणखी पन्नास वर्षे माणसे राहिली आणि इमारत उभी आहे. १९६४ पासून इथे मातेर देई ही जोगिणींची शिक्षणसंस्था चालते. २००२ मध्ये ख्रिस्ती कलेचे संग्रहालय राशोलच्या सेमिनारीतून इथल्या इगर्जेत आले. रस्त्यावरून भिंतीला टेकलेले प्रचंड तिरपे आधार दिसतात, तेही बघा. भिंतीचा बाहेरचा रेटा झेलायचा म्हणजे काय, हे त्यावरून एका नजरेत कळते.

प्रश्न : ऑगस्टिनच्या अवशेषांत जमिनीत बसवलेल्या थडग्यांवर अक्षरे आहेत. पोर्तुगीज न येणाऱ्याला ती वाचता येतील का? (वास्को)

नावे आणि तारखा नक्कीच. मजकूर ठरावीक साच्याचा असतो. सुरुवात 'आकी जाझ', म्हणजे 'इथे विसावला आहे', किंवा 'एस्ता सेपुल्तुरा', म्हणजे 'हे थडगे'. मग नाव, कधी हुद्दा. पुढे 'ए दे सेउस एर्देइरुस' आले तर 'आणि त्याच्या वारसांचे' : जागा कुटुंबासाठी विकत घेतलेली होती. 'फालेसेउ' म्हणजे वारला, त्यानंतर तारीख.

अडचण दोन-तीन ठिकाणी येते. 'यू'च्या जागी 'व्ही' कोरतात आणि 'जे'च्या जागी 'आय'. शब्दावर नागमोडी रेघ असेल तर तिथले 'एन' किंवा 'एम' गाळलेले आहे. जागा वाचवायला दोन अक्षरे एकमेकांत गुंफलेली असतात. आणि महिन्यांत फसगत हमखास : ७ आकडा आणि पुढे 'ब्रो' असेल तर तो सातवा महिना जुलै नव्हे, सप्टेंबर. 'सेप्तेम' म्हणजे लॅटिनमध्ये सात, म्हणून ७ लिहून 'सेप्तेंब्रो' वाचायचे. तसेच ८ आणि 'ब्रो' म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, रोमन दहा म्हणजे डिसेंबर. कवटी आणि हाडांचे चित्र चाच्यांचे नाही, मरण सगळ्यांना आहे याची ती आठवण.

दुपारी बाराला गेलात तर दगड सपाट दिसेल, काहीच वाचता येणार नाही. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन हवे. ते नसेल तर मोठ्या छत्रीने सावली करा आणि मोबाईलची बॅटरी जमिनीलगत, बाजूने धरा. उथळ अक्षरसुद्धा सावली टाकते. चारही बाजूंनी चार फोटो घ्या आणि घरी एकत्र ठेवून वाचा. खडू, तेल, पाणी काहीही लावू नका आणि वर पाय देऊ नका. खडूची भुकटी खाचेत बसते आणि घासून काढताना अक्षराची कड जाते.

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे. तिला घेऊन टेकडी पाहता येईल का? (वाळपई)

येईल. बासिलिकेपासून चालत चढ दहा-पंधरा मिनिटांचा, पण गाडी वरपर्यंत जाते. सकाळी लवकर या, आधी मनोरा पाहा, कारण उन्हात तिथे सावली नाही आणि खालची फरशी उंचसखल आहे. रबरी तळाची चप्पल हवी. पावसाळ्यात शेवाळामुळे आईंना अवशेषांत उतरवू नका, बाहेरूनच दाखवा. मग सांता मोनिकाचे संग्रहालय, तिथे बसायला मिळते. शेवटी रोझरी इगर्ज : तिच्या आवारातून मांडवी आणि पलीकडचे दिवाडी सरळ समोर दिसते. पाणी बरोबर ठेवा, खाण्याची दुकाने खाली बासिलिकेच्या बाजूला आहेत.